ओसरी, आवार आणि रोजची वकिली

स्मरणिका समितीची मंडळी घरी आली आणि म्हणाली, "बाई, तुम्ही जन्मभर इतिहास शिकवलात, आता गावाच्या इतिहासावर चार पानं लिहून द्या." अंजूरचा इतिहास म्हटला की आपल्या सगळ्यांच्या तोंडी एकच नाव येतं, गंगाजी नाईक. त्यांच्याबद्दल मी लिहिणारच आहे. पण गेल्या काही काळात आपल्या आवारात जे घडलं, त्यामुळे तोच इतिहास मला जरा निराळ्या बाजूने दिसायला लागला आहे. म्हणून हा लेख गंगाजी नाईकांपासून सुरू होतो आणि आपल्या तळमजल्यावरच्या सोसायटी ऑफिसच्या कुलपापाशी येऊन थांबतो. मधला विषय आहे म्हातारपण. आपल्याकडे ते आजवर कोणी सांभाळलं, कसं सांभाळलं, आणि यापुढे कोण सांभाळणार?

गंगाजी नाईकांचा पाठपुरावा

बाहेरच्या माणसाला अंजूर म्हटलं की अंजूरफाटा आठवतो. रिक्षावाला, कुरिअरवाला, लग्नाचे पाहुणे, सगळे आधी तिकडेच जाऊन उभे राहतात. (हे लक्षात ठेवा, पुढे हीच गोष्ट पुन्हा येणार आहे, आणि तेव्हा हसू येणार नाही.) आपलं अंजूर गाव मानकोलीच्या बाजूला, खाडीच्या अंगाला. गावात नाईकांचा वाडा आणि वाड्यात सिद्धिविनायक.

खाडीपलीकडचा साष्टी-वसईचा मुलूख १५३४ पासून पोर्तुगिजांच्या ताब्यात होता. तिथल्या रयतेची गाऱ्हाणी गंगाजी नाईक आणि त्यांच्या भावांनी पेशव्यांपर्यंत नेली. शाळेत शिकवताना आपण हे एका वाक्यात सांगतो आणि थेट चिमाजी अप्पांच्या तोफांकडे वळतो. पण पहिल्याच भेटीत मोहीम निघाली नव्हती. दरबारापुढे दहा कामं होती, दहा मोहिमा होत्या. नाईक पुन्हा गेले, पुन्हा बोलले. खाडीचे उतार कुठे आहेत, कोणत्या वाटेने माणसं नेता येतील, पलीकडच्या कोणावर भरवसा ठेवता येईल, ही माहिती ते गोळा करत राहिले. मार्च १७३७ मध्ये ठाण्याचा कोट मराठ्यांच्या हाती आला आणि मे १७३९ मध्ये वसई. विजय चिमाजी अप्पांच्या नावावर आहे आणि तो तसाच असायला हवा. पण मोहीम उभी राहण्याआधीची कित्येक वर्षांची धावपळ अंजूरच्या नाईकांची आहे.

आज वकील म्हटलं की आपल्याला काळा कोट दिसतो. पेशवाईत वकील म्हणजे दुसऱ्याच्या दरबारात जाऊन आपल्या माणसांची बाजू मांडणारा. गंगाजी नाईकांना कोणी पगारी वकील नेमलं नव्हतं. पलीकडच्या लोकांचं दुखणं त्यांनी आपलं मानलं आणि ज्याच्या हातात निर्णय होता त्याच्या दारात ते जात राहिले. याला मी रोजची वकिली म्हणते. हा शब्द या लेखात मला पुढे लागणार आहे.

ओटीवरचं म्हातारपण

आपल्या भागातल्या जुन्या घरांना पुढे ओटी असायची. कोणी तिला ओसरी म्हणतं, कोणी पडवी. घरातला म्हातारा किंवा म्हातारी दिवसभर तिथे. वाळत घातलेल्या भातावर लक्ष ठेवायचं, कोंबड्या हाकलायच्या, नातवंडाला झोका द्यायचा, आणि रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला "कुठं चाललास?" म्हणून विचारायचं. या विचारण्यात एक सोय होती. जाणारा-येणाराही म्हातारीला बघत होता. ती एक दिवस ओटीवर दिसली नाही, तर दहा माणसं विचारायची, "आजी दिसली नाय आज?" आज ज्याला मोठ्या शब्दांत समाजाधारित काळजी म्हणतात, तिची ही गावठी आवृत्ती. तिला नाव नव्हतं, वर्गणी नव्हती आणि कमिटीही नव्हती.

पण मी इतिहासाची शिक्षिका आहे, तेव्हा जुनं ते सगळं सोनं असं मला म्हणता येत नाही. ओटीवरच्या म्हाताऱ्याला विचारणारे दहा जण असले, तरी रात्री त्याचं धोतर बदलणारी एकच असायची. बाळंतीण, म्हातारी आणि गुरं, तिन्ही सुनेच्या वाट्याला. तिची कंबर गेली तर तिला कोण बघणार, हा प्रश्न कोणी विचारत नव्हतं. मूलबाळ नसलेली विधवा भावाच्या किंवा दिराच्या घरात कशी राहायची, हे आपल्यातल्या अनेकांनी लहानपणी पाहिलं आहे.

आणखी एक गोष्ट. तेव्हा म्हातारी माणसं मुळात थोडी होती. स्वातंत्र्याच्या सुमारास आपल्या देशात सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होतं. लहान मुलं फार दगावायची म्हणून हा आकडा इतका खाली दिसतो हे खरं, पण साठी-सत्तरी गाठणारेही आजच्यापेक्षा कमीच होते. १९६१ च्या जनगणनेत देशातल्या शंभर माणसांत साठीपुढची पाच-सहा होती. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ती शंभरात जवळजवळ दहा झाली. आयुष्य वाढलं ही चांगलीच गोष्ट आहे. पण माणसं वाढली आणि ओट्या कमी झाल्या.

दाराबाहेर गेलेली काळजी

ज्याला घर नाही त्याचं काय, हा प्रश्न शहरांत आधी उभा राहिला. पुण्यात १८६० च्या दशकात डेव्हिड ससून यांच्या दानातून अनाथ पंगू गृह सुरू झालं. आज आपण त्याला निवारा म्हणून ओळखतो. नोकरीमुळे मुलं लांब गेली, खोल्या लहान झाल्या, आणि शंभर वर्षांनी हाच प्रश्न मध्यमवर्गाच्या दारात आला. रंगभूमीने तो आधी ओळखला. १९७० साली वि. वा. शिरवाडकरांचं 'नटसम्राट' आलं आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत जयवंत दळवींचं 'संध्याछाया'. आपल्या आवारातल्या बऱ्याच जणांनी ही नाटकं डोळे पुसत पाहिली आहेत. तेव्हा आपण स्वतःला मुलांच्या जागी बघत होतो. आता आपण नाना-नानींच्या वयाचे झालो.

१९९५ मध्ये राज्य शासनाने मातोश्री वृद्धाश्रमांची योजना आणली. आपल्या जिल्ह्यात कल्याण तालुक्यातल्या खडवलीला असा आश्रम आहे. वृद्धाश्रम हा शब्द आपण शिवीसारखा वापरतो, ते मला पटत नाही. ज्याला खरोखर कोणी नाही किंवा घरात ज्याचे हाल होतात, त्याला तिथे वेळेवर जेवण, औषध आणि सोबत मिळते. पण एक गोष्ट आश्रमालाही देता येत नाही. सकाळी गॅलरीतून हाक मारणारी शेजारीण, कोपऱ्यावरचा ओळखीचा वाणी, हनुमान जयंतीला हमखास भेटणारे चेहरे, हे काही माणसाबरोबर तिथे जात नाही. सत्तर वर्षांच्या माणसाला नवीन घर एक वेळ देता येईल, नवीन ओळखी सहजी देता येत नाहीत.

संघ झाले, कायदा झाला

ज्येष्ठांनी स्वतः एकत्र यायचं, ही वाट महाराष्ट्राने बरीच लवकर धरली. गावोगावच्या ज्येष्ठ नागरिक संघांना जोडणारा महासंघ, म्हणजे फेस्कॉम, १९८० साली उभा राहिला. संयुक्त राष्ट्रांची वृद्धत्वावरची पहिली जागतिक परिषद व्हिएन्नाला भरली ती १९८२ मध्ये, म्हणजे त्यानंतर दोन वर्षांनी. १ ऑक्टोबर हा ज्येष्ठांचा दिवस ठरवण्याचा ठराव १९९० चा. १९९९ हे वर्ष ज्येष्ठांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळलं गेलं आणि त्याच वर्षी भारत सरकारने ज्येष्ठांसाठी पहिलं राष्ट्रीय धोरण जाहीर केलं.

मग २००७ चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह आणि कल्याण कायदा आला. महाराष्ट्राने त्याचे नियम २०१० मध्ये केले. या कायद्याबद्दल आपल्या आवारात फार अर्धवट माहिती आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगते. मुलं सांभाळत नसतील तर आई-वडिलांना प्रांताधिकाऱ्यांच्या पातळीवरच्या न्यायाधिकरणाकडे साध्या अर्जाने निर्वाहखर्च मागता येतो. सांभाळण्याच्या अटीवर घर किंवा जमीन नावावर करून दिली आणि पुढे सांभाळलं नाही, तर तो व्यवहार रद्द करून मागण्याची तरतूदही यात आहे, मात्र ती अट कागदावर लिहिलेली असावी. म्हणून प्रेमाने बक्षीसपत्र करताना सुद्धा ते वाक्य घालून घ्या. यात अविश्वास नाही, शहाणपण आहे. याशिवाय, हद्दीत राहणाऱ्या ज्येष्ठांची, विशेषतः एकट्या राहणाऱ्यांची यादी पोलीस ठाण्याने ठेवावी आणि त्यांची अधूनमधून विचारपूस करावी, असंही नियमांत आहे.

पण त्या यादीत आपल्या आवारातलं नाव घालायला कोणीतरी ठाण्यात जावं लागतं. श्रावणबाळ योजनेचं निवृत्तिवेतन आहे, पण त्याचा अर्ज घेऊन कोणीतरी तहसील कचेरीत जावं लागतं. बँकेत वर्षाला हयातीचा दाखला लागतो, आणि आयुष्यभर भांडी घासलेल्या बाईच्या बोटांचा ठसा यंत्रावर उमटत नाही. तेव्हा "साहेब, दुसरी काही सोय करा" असं म्हणणारं कोणीतरी शेजारी उभं असावं लागतं. कायदा आणि योजना दरबारात आहेत. दरबारापर्यंत जाणारा गंगाजी कोण, हा आपला प्रश्न आहे.

आपल्या आवाराचा छोटा इतिहास

पंचवीस वर्षांपूर्वी आपण राहायला आलो तेव्हा जिन्याखाली लहान मुलांच्या सायकली असायच्या. आता तिथे दोन वॉकर आणि घडी केलेली एक व्हीलचेअर आहे. मुलं पुण्याला, बंगळुरूला, दुबईला गेली. जी इथे आहेत ती सकाळी सातला ठाण्या-मुंबईकडे निघतात किंवा गोदामांत पाळीवर जातात. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा या वेळात आपलं आवार म्हणजे साठीपुढच्या माणसांचं गाव असतं. चार मजले, आणि लिफ्ट नाही.

आपल्याला शेजारधर्म येत नाही असं मात्र नाही. २६ जुलै २००५ आठवा. कल्याण-भिवंडीच्या पट्ट्यात पाणी भरलं होतं, वीज गेली होती, फोन लागत नव्हते. तळमजल्यावरच्या आजींना चौघांनी खुर्चीत बसवून दुसऱ्या मजल्यावर नेलं. त्या रात्री कोणाच्या घरात कोण झोपलं याचा हिशेब नव्हता. एका घरात खिचडी शिजली आणि सहा घरांनी खाल्ली. कमिटीचा ठराव कोणी विचारला नाही. पाणी ओसरलं आणि आपण आपापली दारं लावून घेतली.

आता ज्या गोष्टीमुळे मी हे सगळं लिहितेय ती गोष्ट. घरच्यांची परवानगी घेतली आहे, नाव लिहीत नाही. आपल्यातले एक काका बायको गेल्यापासून एकटे राहत. मुलगा रोज रात्री फोन करायचा, महिन्यातून एकदा यायचा. चांगला मुलगा. एका सकाळी काका न्हाणीघरात घसरून पडले. दाराच्या कडीला दुधाची पिशवी तशीच लटकत राहिली. त्या दिवशी मी त्या दारावरून दोनदा गेले, एकदा भाजी आणायला जाताना आणि एकदा येताना. पिशवी मला दिसली. "काका उशिरा उठले असतील" असं मनात म्हणून मी पुढे गेले. संध्याकाळी पाचला पेपरची बिलं घेऊन आलेल्या पोराला आतून आवाज आला म्हणून कळलं.

दार तोडलं. रुग्णवाहिका बोलावली आणि पत्ता सांगितला, "अंजूर." गाडी अंजूरफाट्याला जाऊन उभी राहिली. फोनाफोनी होऊन ती इकडे येईपर्यंत पाऊण तास गेला. मग तीन मजल्यांच्या जिन्यावरून काकांना चादरीत घालून उतरवलं, कारण वळणावर स्ट्रेचर वळत नव्हतं. काका वाचले, पण पुन्हा आपल्या घरात राहायला आले नाहीत. मुलाने त्यांना आपल्याकडे नेलं. सहा महिन्यांनी मी भेटायला गेले तर म्हणाले, "बाई, इथं सगळं आहे, पण मला इथं कोणी ओळखत नाही."

मला दोष कोणाला द्यायचा नाही. दिसलेल्या पिशवीचा दोष माझा मीच घेते. पण त्या रात्री मला झोप लागली नाही आणि दुसऱ्या दिवशी आम्ही पाच-सहा बायका जिन्यात उभ्या राहून बोललो. त्यातून नियम निघाला तो एवढाच: सकाळी नऊनंतर कोणाच्या दाराला दुधाची पिशवी किंवा पेपर दिसला, तर बेल वाजवायची. दार उघडलं नाही तर फोन करायचा. फोन उचलला नाही तर ज्या घरी जादा किल्ली आहे तिथून ती आणायची. वॉचमनच्या केबिनमध्ये एक कागद लावला: घर क्रमांक, मुलाचा किंवा मुलीचा नंबर, किल्ली कोणाकडे, नेहमीचं औषध कोणतं. त्याच कागदावर वर मोठ्या अक्षरांत लिहिलं, "पत्ता सांगताना अंजूर गाव, मानकोलीकडून, असं सांगा. अंजूरफाटा नव्हे."

हे सगळ्यांना आवडलं असं समजू नका. पहिल्याच रविवारी एक काका माझ्यावर चिडले, "आम्ही काय कैदी आहोत का, हजेरी घ्यायला?" त्यांचं बरोबर होतं. आम्ही त्यांना न विचारताच त्यांचं नाव कागदावर लिहिलं होतं. ते खोडलं. महिन्याभराने त्यांनी स्वतः येऊन किल्ली दिली. गावातल्या घरातून मुलाकडे राहायला आलेल्या एका आजींनी तर आम्हाला खरा धडा दिला. आम्ही वही घेऊन गेलो, आजी, काही त्रास होतो का, औषध घेता का, असं विचारायला. त्या म्हणाल्या, "औषिद देतंय पोरगा. मना बोलाया कोन नाय." वही मिटली आणि तास दीड तास बसून आलो. वकिली करायची तर आधी ज्याची करायची त्याला विचारावं लागतं. नाहीतर आपण त्याच्या नावावर आपलंच म्हणणं मांडत बसतो.

मग जिन्याच्या कठड्याचा विषय निघाला. आपल्या जिन्याला एकाच बाजूला कठडा होता. ज्याचा डावा हात लकव्याने गेला त्याला चढताना आधार आहे पण उतरताना नाही, ही गोष्ट पंचवीस वर्षं कोणाच्या डोक्यात आली नव्हती. सर्वसाधारण सभेत मांडली तर पहिला प्रश्न आला, "मेंटेनन्स किती वाढणार?" दुसरा आला, "रौप्यमहोत्सवाची कमान आधी की कठडा आधी?" त्या सभेत विषय पुढे ढकलला. पुढच्या सभेत पुन्हा मांडला, तेव्हा कोटेशन बरोबर नेलं. तिसऱ्या सभेत एका तरुण सभासदाने उभं राहून सांगितलं की गेल्या महिन्यात पाय मोडला तेव्हा या जिन्यावर तोच रडकुंडीला आला होता. ठराव मंजूर झाला. कमान साधी केली आणि दोन्ही बाजूंना कठडा लागला. आज गरोदर सून, दप्तर घेतलेलं पोर आणि गॅसचा सिलिंडर नेणारा माणूस, सगळे त्या कठड्याला हात लावून जातात.

बाहेर काय चाललंय

आपण काही नवीन शोध लावलेला नाही. आपल्याच राज्यात जामखेडला १९७० पासून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी गावातल्या, कमी शिकलेल्या बायकांना आरोग्याचं काम शिकवून दाखवलं. डॉक्टर गावात रोज येणार नाही, पण शेजारची बाई रोज असते, हा त्यामागचा साधा विचार. केरळात कोझिकोडला १९९३ मध्ये असाध्य आजारांच्या रुग्णांसाठी काम सुरू झालं आणि पुढे मलप्पुरमसारख्या जिल्ह्यांत ते शेजाऱ्यांनी उचललं. थोडं प्रशिक्षण घेतलेले स्वयंसेवक अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घरी आठवड्याला ठरलेल्या वेळी जातात, नर्स-डॉक्टर त्यांच्या पाठीशी असतात. २००८ मध्ये केरळ सरकारने त्यासाठी धोरणच केलं. आधी शेजारी आले आणि सरकार मागून आलं, हा क्रम बघण्यासारखा आहे. अमेरिकेत बोस्टनच्या बीकन हिल भागातल्या काही ज्येष्ठांनी साधारण पंचवीस वर्षांपूर्वी ठरवलं की आपण आपली गल्ली सोडून वृद्धांच्या वसाहतीत जाणार नाही. वर्गणी काढून त्यांनी गाडी, दुरुस्ती, सोबत यांची आपसांत सोय केली. त्यांच्याकडे पाहून इतरत्रही अशा संस्था निघाल्या.

वर्गणी, सभासद, सर्वसाधारण सभा, हे शब्द आपल्याला नवीन नाहीत. महाराष्ट्रात सहकारी गृहनिर्माण १९१५ मध्ये गावदेवीच्या सारस्वत सोसायटीपासून रुजलं. १९६० च्या कायद्याने त्याला आजचं रूप दिलं. सहकार म्हणजे एकट्याला न परवडणारी गोष्ट सगळ्यांनी मिळून करणं. पाण्याची टाकी आपण अशीच बांधली. म्हातारपणही एकट्याला न परवडणारी गोष्ट आहे, पैशाने आणि जिवाने सुद्धा.

तळमजल्यावरचं कुलूप

आता कुलपाकडे येते. आपलं सोसायटी ऑफिस रविवारी सकाळी दोन तास उघडतं, बाकी वेळ बंद. आजूबाजूला गोदामं वाढल्यामुळे मालवाहतुकीच्या धंद्यातल्या एकाने ती खोली भाड्याने मागितली आहे. भाडं चांगलं येईल आणि मेंटेनन्स थोडा कमी होईल. हा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. आवारात पेन्शनीवर जगणारी घरं आहेत, त्यांना दरमहा शंभर-दोनशे रुपयांनीही फरक पडतो.

तरी येत्या सर्वसाधारण सभेत मी दुसरा प्रस्ताव मांडणार आहे, आणि तो आधीच तुम्हा सर्वांना कळावा म्हणून इथे लिहिते. ती खोली रोज दुपारी चार ते सात उघडी ठेवावी. दोन बाकं, चार खुर्च्या, एक कॅरम, पेपर, रक्तदाब मोजायचं यंत्र आणि पाण्याचा माठ. तळमजला असल्यामुळे जिना चढायला नको. आठवड्यातून एक दिवस फॉर्म भरायचा: श्रावणबाळ, हयातीचा दाखला, एस.टी.च्या सवलतीचं ओळखपत्र, आयुष्मान कार्ड. आपल्या घरांत धुणीभांडी करणाऱ्या मावशी आणि रात्रीचे वॉचमन काका यांनाही त्या दिवशी यायला मोकळीक असावी, कारण त्यांची म्हातारपणं आपल्यापेक्षा अवघड आहेत. जी सून किंवा लेक चोवीस तास सासू-आईला बघते, तिला या तीन तासांत बाजारात जाऊन येता येईल, डोळा लावता येईल. ओटीवरच्या जुन्या काळात तिची आठवण कोणी ठेवली नाही, ती चूक आपण परत करायला नको.

जुन्या ओटीला मी परत आणू शकत नाही. पण आवाराला एक ओटी असू शकते आणि ती खोली म्हणजे तीच.

यात कोणी किती करायचं? फार नाही. एकाने पोलीस ठाण्यात यादी देऊन यायची. एकाने पायऱ्यांवरचे दिवे बदलले की नाही ते बघायचं. दहावी-बारावीच्या पोरांनी आजी-आजोबांच्या मोबाइलमध्ये १०८ आणि ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७ हे दोन नंबर घालून द्यायचे, आणि ओटीपी कोणाला सांगायचा नाही हे पुन्हा पुन्हा सांगायचं. दुबईच्या, बंगळुरूच्या मुलांनी आई-बाबांबरोबर एक फोन शेजाऱ्यालाही करायचा. ज्याला बोलता येतं त्याने सभेत बोलायचं, आणि एकदा नाही झालं तर पुढच्या सभेत पुन्हा बोलायचं. कठड्याला तीन सभा लागल्या. वसईला किती फेऱ्या लागल्या असतील, विचार करा.

माझा प्रस्ताव कदाचित पहिल्या सभेत मंजूर होणार नाही. हरकत नाही, मी दुसऱ्या सभेत येईन. माझेही गुडघे आता बोलायला लागलेत, तेव्हा हा विषय परका आहे असं म्हणायची माझी सोय उरलेली नाही. आज चाळिशीत असलेल्या सभासदांना मी एवढंच सांगेन, सोसायटीच्या सुवर्णमहोत्सवाला तुम्ही पासष्टीचे असाल. ती खोली तेव्हा उघडी हवी की बंद, हे आत्ता ठरतंय.

रौप्यमहोत्सवाच्या सर्वांना मनापासून शुभेच्छा. कार्यक्रम जोरात होऊ द्या, जेवण चांगलं असू द्या. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊनंतर जिना उतरताना शेजारच्या दाराच्या कडीकडे एकदा बघा. पिशवी दिसली तर बेल वाजवा.